सव्वा किलो रव्याचे यजमान

“वाच. परत वाच,” दुर्गाबाई म्हणाल्या.

मिनलने तिसऱ्यांदा वाचलं. “या वर्षीच्या श्रीसत्यनारायण महापूजेचे मानाचे यजमान : श्री. पंढरीनाथ आंब्रे आणि सौ. दुर्गा आंब्रे. अभिनंदन!” तिचं वाचून संपतंय तोवर कंप्युटरच्या काचेवर वरून झेंडूची फुलं पडायला लागली. पडायची, तळाशी जाऊन नाहीशी व्हायची, पुन्हा वरून पडायची. दुर्गाबाई चौथी शिकलेल्या. स्वतःचं नाव वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. पण आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची गोडी वेगळी, आणि सुनेच्या तोंडून ऐकायची तर आणखीच वेगळी.

“ही फुलं बंद कशी करायची?” पंढरीनाथांनी डोळे चोळत विचारलं.

“कशाला बंद करताय? पडू देत. तुमच्या वडलांच्या झाडाची आहेत का?”

एवढं हरखायला कारण होतं. नवघर रोडवरच्या सुखशांती सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा आणि मग सत्यनारायण असायचा. पूजेला एकाच जोडप्याला बसता येतं, म्हणून चिठ्ठ्या टाकायचे. चिठ्ठ्यांचा डबा सेक्रेटरी काशीनाथ टिपणिसांच्या घरचा. दिवाळीत त्यात चकल्या असत, जानेवारीत चिठ्ठ्या. आणि त्या डब्यातून निघणारी चिठ्ठी दरवर्षी टिपणिसांच्या मजल्यावरच्याच दोन घरांपैकी कुणाची तरी असे. आंब्रे रत्नागिरीहून गिरणगावात आणि गिरणगावातून भाईंदरला आले, सोसायटीच्या पहिल्या विटेपासून राहिले, पण त्यांची चिठ्ठी त्या डब्यातून वर आली नाही. डब्याला बूड होतं की विहीर, देव जाणे.

त्यावर गेल्या वर्षी टिपणिसांच्या उर्मिलाबाईंनी प्रसाद वाटता वाटता मीठ चोळलं होतं. “बरं झालं हो आंब्रेबाई, तुमचं नाव नाही निघालं. तीन तास मांडी घालून बसायचं म्हणजे खायचं काम नाही. दादरला असताना आमच्याकडे गुडघेवाल्यांना यजमान करतच नसत.” हे वाक्य वर्षभर दुर्गाबाईंच्या घशात बांगड्याच्या काट्यासारखं अडकून होतं. भाताचा गोळा गिळून झाला, केळं खाऊन झालं, जात नव्हतं.

म्हणून डिसेंबरच्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या. “यंदा चिठ्ठ्या नकोत. माझी सून कंप्युटरवर निवड करील. मशीनला ना दादर कळतं ना रत्नागिरी. आणि एकदा मान मिळाला, की सगळ्यांची पाळी होईपर्यंत त्या घराला परत नाही.” काशीनाथरावांना ‘आधुनिक’ या शब्दाची आवड होती, त्यांनी लगेच मान हलवली. मिनलला कुणी विचारलं नव्हतं. सुनेला विचारून सासूने जीभ उचलायची म्हटलं, तर उचलायलाच नको.

मिनल मीरा रोडला दुकानदारांच्या वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात कामाला होती. तिने सोसायटीची वेबसाइट केली. प्रत्येक घराला आपापला पासवर्ड दिला. घरी कंप्युटर नसेल त्याने कोपऱ्यावरच्या सायबरमध्ये जायचं, पासवर्ड टाकायचा, की पान उघडणार. वर ‘नमस्कार, अमुकजी’, आणि खाली यजमानांचं नाव. ते नाव मशीन आतल्या आत निवडणार, मिनललासुद्धा आधी दिसणार नाही.

“तुझ्या मशीनमधलं नाव माझ्या घरात येतं कसं, ते आधी सांग,” दुर्गाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. न समजलेल्या वस्तूवर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“आई, सर्व्हर म्हणजे आतलं स्वयंपाकघर समजा. टेम्प्लेट म्हणजे केळीचं पान. मीठ कुठे, भात कुठे, जागा ठरलेल्या, पण रिकाम्या. कोणी जेवायला बसलं की आतून त्या जागी नावं वाढतात आणि भरलेलं पान त्याच्या घरी जातं.”

“आणि ती फुलं?”

“ती स्क्रिप्टची करामत. स्क्रिप्ट पानाबरोबर घरी येते आणि तिथेच बसून काम करते. पण तिला मागे फिरून स्वयंपाकघरात जाता येत नाही. आतून जे नाव तिच्या हातात वाढून दिलं, तेच ती फुलं उधळून दाखवणार. खरं का खोटं, ती विचारत नाही.”

“म्हणजे वाढणारीचा हात चुकला तर?”

“हात कशाला चुकेल?” मिनल हसून म्हणाली.

दुर्गाबाईंनी गावाकडे लग्नाच्या पंगतीच्या पंगती उठवल्या होत्या. वाढणारीचा हात नेमका कधी चुकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती ‘हात कशाला चुकेल’ म्हणते ना, त्याच्या पुढच्याच पानावर. पण मीटिंगमध्ये शब्द देऊन झाला होता, म्हणून त्या गप्प राहिल्या. आणि आता स्वतःच्या नावावर फुलं पडताना बघितल्यावर तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून पार पुसला गेला.

त्यांनी विरारच्या नणंदेला फोन केला. रत्नागिरीच्या भावाला केला. “बघायला या. फोटो काढायला माणूस आणा.” पण बिल्डिंगमध्ये चकार शब्द काढला नाही. मान मिळालेल्याने मिरवायचं नसतं, मिरवायचं काम लोकांचं असतं. लोकांनी यावं, म्हणावं, आपण ‘तुमची पुण्याई’ म्हणून पदर सारखा करावा, अशी रीत.

लोक येईनात. खाली फळ्यावर दरवर्षी खडूने यजमानांचं नाव लिहिलेलं असे. यंदा काशीनाथरावांनी नुसतंच लिहिलं होतं, ‘यजमानांचे नाव सर्वांनी पाहिलेच आहे. सहकार्य करावे.’

“बघितलंत?” दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “माझं नाव लिहायला हात वळेना मेल्याचा!”

त्याच दिवशी जिन्यात उर्मिलाबाई भेटल्या. चेहरा असा तुकतुकीत, जणू आताच कुणी तुपाची धार सोडली आहे.

“पाहिलंत ना आंब्रेबाई, कंप्युटरवर?”

“पाहिलं की. सगळ्यांच्या आधी पाहिलं.”

“मग? या वर्षी तरी तक्रार नाही ना?”

“मला कसली तक्रार? मशीनने ज्याचं त्याला दिलं. तुम्हाला वाईट वाटलं नाही म्हणजे झालं.”

“मला? मला का वाटेल? उलट म्हटलं, तुम्ही मनाला लावून घ्याल.”

“आनंदाची गोष्ट मनाला लावून घ्यायला मी काय वेडी आहे?”

“किती मोठं मन हो तुमचं!” उर्मिलाबाई म्हणाल्या आणि खरोखरच डोळ्यांत पाणी आणून वर गेल्या.

दुर्गाबाई जिन्यात उभ्याच राहिल्या. दादरवाली इतकी सरळ वागली म्हणजे नक्की आतून जळून खाक झाली असणार. त्यांना फार बरं वाटलं.

समोरच्या दारातल्या ममताबेननी तर हातच धरला. “दुर्गाबेन, देखा ना? भगवानने सुन लिया!”

“सुन लिया ना, ममताबेन! इतने साल के बाद!”

“आप आएगा ना, बैठने के टाइम?”

“मैं नहीं आएगी तो कौन आएगी? मेरे बिना कैसा होएगा?”

“कितना प्यार!” म्हणत ममताबेननी त्यांना मिठीच मारली. ही बाई इतकी मायाळू आहे आणि आपण उगाच तिच्या दारातल्या चपलांवरून भांडत होतो, असं दुर्गाबाईंना वाटून गेलं.

प्रसादाचा शिरा यजमानांच्या घरचा असतो, आणि तो सव्व्याच्या मापानेच होतो. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप. आदल्या दिवशी दुर्गाबाई खालच्या कच्छी दुकानदाराकडे गेल्या, तर तो कपाळावर हात मारून बसला होता.

“भाभी, रवा खतम. केला भी खतम. तुम्हारी बिल्डिंग में क्या है? सुबह से सबको सव्वा किलो मांगता. एक किलो कोई लेता नहीं, डेढ किलो कोई लेता नहीं!”

दुसऱ्या कुणाच्या कानात इथे घंटा वाजली असती. दुर्गाबाईंच्या कानात शंख वाजत होता, त्यात घंटा कुठून ऐकू येणार? “जलते हैं सब,” त्या म्हणाल्या. “मेरा देखके घर में बनाके खाएँगे. खाने दो!” आणि त्या रव्यासाठी उन्हातून थेट स्टेशनापर्यंत चालत गेल्या.

पंढरीनाथ इस्त्रीवाल्याकडून आपला पूजेला नेसायचा रेशमी कद घेऊन आले. ते अबोल माणूस, पण त्यांनाही राहवलं नाही. “दुर्गे, त्याच्याकडे कदांची रास पडलीये.”

“असेल. लग्नसराई आहे.”

“सगळे आपल्याच बिल्डिंगमधले?”

“मग बिल्डिंगमध्ये लग्न असेल! तुम्हाला काय करायच्यात चौकशा?”

“बरं. तू एकदा पाटावर मांडी घालून बघतेस का? सवय मोडलीये तुझी. गुडघा धरल्यापासून टेबलावरच जेवतेस.”

“मांडीची सवय मोडत नाही, ती रक्तात असते,” दुर्गाबाई म्हणाल्या. विषय तिथेच संपला. पाट काही कुणी घेतला नाही.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं. पूजा व्हायची होती अकरा वाजता. यजमानांचा उपास, म्हणून घरात सकाळपासून चहासुद्धा नव्हता. दुर्गाबाई हिरवा शालू नेसून, नथ घालून खिडकीपासून देवघरापर्यंत आणि देवघरापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. नथ टोचत होती. शालू पायात येत होता. पोटात कावळे कोकलत होते. दिपेश, त्यांचा मुलगा, ऑफिसच्या कामाला पुण्याला अडकला होता. त्याचा तीनदा फोन आला, तिन्ही वेळा त्यांनी “आता ठेव, वेळ झाली” म्हणून ठेवून दिला. विरारची नणंद सगळं गोकुळ घेऊन आली होती आणि सारखी विचारत होती, “वहिनी, नक्की तुमचंच ना? नाहीतर मी पोरांना शाळेचं झेंडावंदन बुडवून आणलंय.”

“फुलं पडली माझ्या नावावर, फुलं!” दुर्गाबाई म्हणाल्या. “अहो, उचला तो शिरा. चला.”

दार उघडलं, तर समोर ममताबेन. लाल बांधणी, हातात आरतीचं ताट, मागे नवरा, त्याच्या हातात झाकलेलं पातेलं.

“वा, ममताबेन! मदतीला आलात?”

“हां, हां! आप भी मदद में? कितना अच्छा!”

दोघी हसत हसत एक जिना उतरल्या. पुढच्या वळणावर खालच्या मजल्यावरचे हरिश्चंद्र भेटले. बिचाऱ्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. आज सोवळं नेसून उघड्या अंगाने उभे, आणि कमरेला काहीतरी खोचलेलं.

“हे काय हो हरिश्चंद्र?”

“सुपारी, दुर्गाताई. एकट्याने पूजेला बसायचं तर बायकोच्या जागी कमरेला सुपारी लागते ना. आईने गावाहून सांगितलं.” आणि ओशाळून म्हणाले, “शिरा माझा मीच केलाय. थोडा लागलाय खाली.”

दुर्गाबाईंच्या पोटातले कावळे एकदम गप्प झाले. त्या झपाझप खाली उतरल्या. फाटकाशी दुसऱ्या विंगमधले, मूळ उत्तनचे पीटर डिमेलो काळ्या सुटात घाम पुसत उभे होते, शेजारी बायको, हातात ट्रे.

“डिमेलो, तुम्ही कुठे निघालात?”

“कुठं न्हाय मावशी, हितंच. माजं नाव आयलंय ना. देव कंचा का असंना, बोलावलं तर न्हाय कसं म्हणू? बायकोनं रव्याचा केक केलाय. अंडं घातलं न्हाय हां, इचारून घेतलं.”

आणि मांडवात, केळीच्या खांबांमध्ये, चौरंगासमोरच्या पाटावर, पैठणी नेसून, नथ घालून, उर्मिला टिपणीस बसून होत्या. शेजारी काशीनाथराव पीतांबरात. तरुण गुरुजी कलशाला दोरा गुंडाळत होते.

“उठा,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“का हो?”

“पाट माझा आहे.”

“पाट सोसायटीचा आहे, मान माझा आहे. तुम्ही स्वतः जिन्यात म्हणालात, कंप्युटरवर पाहिलं म्हणून!”

“मी माझं पाहिलं!”

“आणि मी माझं!”

“अने मैंने मेरा,” ममताबेन ताट सावरत म्हणाल्या.

हरिश्चंद्रांनी वर्गात करतात तसा हात वर केला. डिमेलोंनी सुटाच्या आतल्या खिशातून सायबरवाल्याने छापून दिलेला कागद काढला. त्यावर ‘मानाचे यजमान : श्री. पीटर डिमेलो’, आणि कडेने काळीपांढरी झेंडूची फुलं. तोवर दुसऱ्या विंगमधून आणखी जोडपी नटूनथटून, पातेली घेऊन येत राहिली. वऱ्हाडात नवरदेवच नवरदेव, अशी मांडवाची गत झाली. आणि सगळे उपाशी! उपाशी माणूस एकटा परवडतो, उपाशी सोसायटी परवडत नाही.

“तुम्ही माघार घ्या, तुमच्याकडे गणपतीची आरती असते!”

“आणि तुमच्याकडे पार्किंगच्या दोन जागा असतात, त्याचं काय?”

“मेरे भाईसाब सूरत से आए हैं!”

“माझे विरारहून आलेत!”

“पूजा एक, यजमान एक,” गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. “मला पुढे आणखी एक वास्तुशांत आहे. ठरवा आणि बसा.”

“सूनबाईंना बोलवा!” काशीनाथराव पाटावरूनच गरजले. “ज्यांनी हा कारभार केला त्यांना बोलवा!”

मिनल मागे उभीच होती. ती पळत वर गेली. ती परत येईपर्यंत सगळे आपापल्या पातेल्यावरच्या माशा हाकत राहिले. खाली आली तेव्हा तिचा चेहरा भिजवलेल्या रव्यासारखा झाला होता.

“माझी चूक झाली,” ती म्हणाली. “पानात दोन नावं वाढायची होती. वर बघणाऱ्याचं, नमस्कार करायला. खाली यजमानांचं. मी वरची ओळ उचलून खाली स्क्रिप्टमध्ये चिकटवली, आणि आतलं नाव बदलायचं राहून गेलं. त्यामुळे स्क्रिप्टला दोन्हीकडे बघणाऱ्याचंच नाव मिळालं. जो उघडेल तो यजमान.”

“आणि तपासलं नाही तुम्ही?”

“तपासलं ना. आमच्या घरून उघडलं, आंब्रे आलं. मला वाटलं, आमचंच निघालं. आई इतक्या खूश होत्या…”

एवढंच हवं होतं उर्मिलाबाईंना. “तरी मी म्हणत होते, चिठ्ठ्याच बऱ्या. दादरला असताना आमच्याकडे असले पोरखेळ नव्हते. शिकलेली सून, शिकलेली सून म्हणून सासूने नाचवली, आणि सुनेने सगळ्या बिल्डिंगला उपाशी नाचवलं!”

दुर्गाबाईंना मिनलचा इतका राग आला होता, की घरी असत्या तर सुनेने त्या दिवशी जेवणाऐवजी बोलणीच खाल्ली असती. पण ते घरी. मांडवात त्या एक पाऊल पुढे आल्या.

“टिपणीसबाई, माझ्या सुनेला बोलायला मी जिवंत आहे, तुम्ही तसदी घेऊ नका. हात चुकला तिचा, कबूल. पण चुकून का होईना, तिने साऱ्या घरांना मान वाढला. तुमच्या डब्याला एवढ्या वर्षांत दोन घरांच्या पलीकडे वाढता आलं नाही, आणि त्याचा हात तर कधी चुकलाही नाही!”

मागून कुणीतरी टाळी वाजवली. हरिश्चंद्र असावेत, कारण सुपारी खाली पडल्याचा आवाज आला.

मिनल हळूच म्हणाली, “खरं नाव आत आहे. मशीनने निवडलेलं. दोन मिनिटांत बघून येते.”

ती वळली. आणि दुर्गाबाईंच्या डोक्यात चक्र फिरलं. आतून टिपणिसांचं नाव निघालं, तर ही बाई तीन तास समोर बसणार आणि आपण तीन जन्म ऐकणार. आणि आपलं निघालं, तर? तर ही सगळी उपाशी तोंडं काय म्हणतील? सून वर एकटी गेली आणि सासूचं नाव घेऊन खाली आली! शेण खाऊन वर तोंड पुसलं! खरं नाव आता कुणाचंही असलं, तरी आंब्र्यांच्या घराला ते खोटंच लागणार होतं.

“थांब!” त्या ओरडल्या. “बघायचं नाही. कुणाचंही असू दे.”

“मग बसायचं कुणी?” गुरुजी रडकुंडीला आले.

दुर्गाबाईंनी पाटाकडे पाहिलं. वर्षभर रोज झोपताना त्या मनातल्या मनात या पाटावर बसत आल्या होत्या. आज तो हातभर अंतरावर होता. मग त्यांची नजर उर्मिलाबाईंच्या गुडघ्यांवर गेली. मघापासून बाई डावा पाय सोडून उजव्यावर आणि उजवा सोडून डाव्यावर करत होत्या. पूजा अजून सुरूही झाली नव्हती.

“टिपणीसबाईच बसतील,” दुर्गाबाई गोड आवाजात म्हणाल्या. “बसल्याच आहेत, तर बसलेल्याला उठवू नये. गुरुजी, एक करा. इतक्या घरांचा मान यांच्या एकट्या पाटावर आलाय. तेव्हा काही गाळू नका. प्रत्येक घराचा संकल्प वेगळा सांगा. आणि पाचही अध्याय, सावकाश.”

“अहो, पण…” उर्मिलाबाई म्हणाल्या.

“तुम्हाला काय, दादरची सवय आहे!”

गुरुजी नुकतेच पाठशाळेतून बाहेर पडलेले. सावकाश म्हणायला सांगणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं. ते सुखावले, मांडी ठोकून बसले आणि गणपतिपूजनापासून असे काही सुरू झाले, की वास्तुशांतवाल्यांचे फोन खिशात वाजून वाजून दमले.

दुर्गाबाईंना कुणीतरी खुर्ची आणून दिली, कुणी लिंबू-सरबत दिलं. मान सोडल्यामुळे उपासही सुटला होता. बायका येऊन त्यांच्या पाया पडून जाऊ लागल्या. मंडळाच्या गणपतीची मोठी कढई आणली, सगळ्यांचे शिरे तिच्यात एक केले. ममताबेनचा केशराचा, हरिश्चंद्रांचा लागलेला, दुर्गाबाईंचा तुपात निथळणारा. डिमेलोंनी कोट काढून, बाह्या सरसावून उलथन्याने ते सगळं हलवलं आणि वर केकचे तुकडे मांडले. शिरा इतका झाला, की फाटकावरून जाणाऱ्या रिक्षावाल्यांनाही थांबवून द्यावा लागला.

तिसरा अध्याय चालू असताना उर्मिलाबाईंनी इकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी हात जोडले. चौथ्या अध्यायाला उर्मिलाबाईंनी पाहिलं नाही, त्यांचे डोळे मिटलेले होते, भक्तीने की कशाने ते सत्यनारायणालाच ठाऊक. आरतीला उठायची वेळ आली तेव्हा एका बाजूने ममताबेन आणि दुसऱ्या बाजूने डिमेलोबाई लागल्या, तेव्हा कुठे पैठणी पाटावरून सुटली.

“पूजेला कुणीही बसतं,” विरारची नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “बसवणारी आमची वहिनीच!” भाच्याने फोटो काढला. त्यात दुर्गाबाई मधोमध खुर्चीवर आहेत आणि सत्यनारायण एका कोपऱ्यात आलाय.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर घरात शांतता झाली. मिनल कंप्युटरपाशी बसली होती.

“बघितलंस ना शेवटी?” दुर्गाबाई म्हणाल्या.

“बघितलं.”

“सांगू नको. मला कळायला नको.” त्या स्वयंपाकघरात गेल्या, एक भांडं इकडचं तिकडे ठेवलं, परत आल्या. “बरं, सांग. टिपणीसच ना?”

“नाही आई.” मिनलने मान खाली घातली. “आतलं नाव आपलंच होतं.”

पंढरीनाथांनी पेपर खाली ठेवला. दुर्गाबाईंनी वाकून ते नाव स्वतःच वाचलं, कुणाला वाचायला सांगितलं नाही. असं त्या घरात फारसं घडत नसे, त्यामुळे दोघंही घाबरले.

“मग पुढच्या वर्षी परत आपलं काढील ते मशीन,” त्या अखेर म्हणाल्या.

“तेच तर. ज्यांना एकदा मान मिळाला त्यांचं नाव सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय परत निघत नाही, अशी अट आहे. आतल्या हिशेबाने आपल्याला मिळून गेलाय.”

“अट घातली कुणी?”

“तुम्ही. मीटिंगमध्ये.”

तेवढ्यात उघड्या दारातून उर्मिलाबाई लंगडत जाताना दिसल्या. थांबल्या, कठड्याला धरून म्हणाल्या, “आंब्रेबाई, मघाशी मी सूनबाईंना बोलले ते मनात ठेवू नका हं. तुमच्यासारखं सोडून देणं आम्हाला नाही जमायचं.”

दुर्गाबाईंच्या जिभेवर खरं नाव येऊन उभं राहिलं. अख्खं, फुलांसकट. त्यांनी ते तसंच्या तसं गिळलं. “तुमची पुण्याई,” त्या म्हणाल्या.

उर्मिलाबाई गेल्या. मिनल म्हणाली, “आई, मी आतून ते बदलू शकते.”

“काही बदलायचं नाही. आत आपलं नाव आहे ना? मग झालं. देवाला आतलंच दिसतं. बाहेरचं पान टिपणीसबाईंसाठी.” त्या ताडकन उठल्या. देवघरापुढचा पाट ओढला, शालू सावरला, नथ नीट केली आणि मांडी घालून ताठ बसल्या. “अहो, बसा माझ्या शेजारी. मिनल, शिऱ्याची वाटी आण. आपली पूजा आपण करू. कोण म्हणतं दुर्गा आंब्रेला मांडी घालून बसता येत नाही?”

पंढरीनाथ बसले. निरांजन झालं, नैवेद्य झाला, नमस्कार झाला. पंढरीनाथ उठले. दुर्गाबाई बसूनच होत्या. देवाकडे बघत, अगदी स्थिर.

“आई, झालं ना?” मिनलने विचारलं.

“झालं.”

“मग उठा की.”

दुर्गाबाईंनी एक हात जमिनीला टेकला. दुसरा टेकला. मग दोन्ही परत मांडीवर घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

“आधी दार लाव. मग दोघंही या इकडे.”